वशिंडाखालचं फाटक

ओबरलेन, ७ डिसेंबर १९९७

सेन्झे,

गुडघा कसा आहे ते पुढच्या पत्रात पहिल्याच ओळीत लिही. मागच्या वेळी तू चार पानं शेजारणीच्या मांजरावर खर्ची घातलीस आणि गुडघ्याच्या वाट्याला शेवटची अर्धी ओळ आली. मला त्या मांजराचं काही पडलेलं नाही.

इथं बर्फ मनासारखा पडलाय. स्कीवाल्यांना वर नेणारी लिफ्ट सुरू झाली. आपल्या कुरणावरून रोज ते बर्फ दाबायचं यंत्र फिरतं आणि सकाळी सगळा उतार इस्त्री केल्यासारखा दिसतो, पाय ठेवायची लाज वाटावी असा. उन्हाळ्यात माझ्या गाई जिथं चरतात तिथं हिवाळ्यात अर्धं जर्मनी घसरत असतं. घसरू दे बापडं. बाबांनी लिफ्टवाल्यांशी करार केला, तो मी मोडणार नाही.

पण काल गेबहार्ड आला होता. लहानपणी आपल्या शेणखड्ड्यात पडलेला, आणि तू नळाखाली धरून धुतलेला, तोच. आता तो सगळ्या उतारांचा मुकादम आहे. टेबलाशी बसला, माझं डुकराचं खारवलेलं मांस निम्मं संपवलं आणि मग खिशातून कागद काढला. त्याला आपल्या कुरणाच्या कडेनं लाल जाळी लावायची आहे आणि आपल्या दारातून निघणाऱ्या वाटेवर फाटक बसवायचंय. का, तर आपली वाट कुरणात शिरते ती उताराच्या त्या उंचवट्याच्या, आपल्या वशिंडाच्या, बरोब्बर खाली. वरून येणाऱ्याला वशिंड ओलांडेपर्यंत आपण दिसत नाही, आणि लोक आता पूर्वीसारखे सावकाश येत नाहीत म्हणे. मी त्याला विचारलं, की चार पिढ्या आम्ही या दारातून या कुरणात उतरतोय, आणि आता माझ्याच कुरणात शिरायला मी तुझं फाटक उघडायचं होय? त्यानं उरलेलं मांस खाल्लं.

कुरण बाबांनी दोघांच्या नावावर ठेवलंय, म्हणून त्याला तुझीही सही लागते. कागद तुला पोस्टानं येईल. सही करायची नाही.

हानेस आणि सूनबाई हंगामभर वरच्या खानावळीत राबताहेत, सोमवारी तेवढे घरी येतात. त्यांची व्रोनी माझ्यापाशी आहे. नऊ वर्षांची झाली. रोज सकाळी स्की चढवते आणि दारातून थेट खाली शाळेत. रविवारी आम्ही दोघं तसेच चर्चला जातो. माझ्या मागोमाग येते, मी करतो तसंच सगळं करते, अगदी माझ्यासारखी मान वाकडी करूनसुद्धा. बघून हसू येतं.

आणि फोन करू नकोस. ग्राझच्या एक्सचेंजमध्ये काहीतरी बिघाड आहे, तुझा आवाज गोणपाटात गुंडाळल्यासारखा येतो. पत्र बरं.

तुझा,
कोर्बी


ग्राझ, १४ डिसेंबर

दादा,

गुडघा आहे तसाच आहे, जिने चढताना शिव्या देतो, उतरताना शाप. झालं समाधान? मांजराला काल तीन पिल्लं झाली.

कागद आला. मी तो ड्रॉवरमध्ये बटाट्याच्या सोलाण्याखाली ठेवलाय आणि तो तिथंच राहील. ओबरलेनच्या माणसांना कुणी फाटकं शिकवू नयेत. गेबहार्डला माझ्याकडून सांग, की ज्याला शेणखड्डा दिसला नाही त्यानं आम्हाला उतार दाखवू नये.

तुझं पत्र वाचून मला ते गवताचे दिवस आठवले. हिवाळ्यात बाबा वरच्या गंजीवरून गवताची घसरगाडी घेऊन निघायचे, पुढं दांडे धरून, पाठीशी दहा माणसांचं वजन. ती गाडी एकदा सुटली की देवसुद्धा थांबवू शकत नव्हता. म्हणून वशिंडाच्या वर आले की हाळी द्यायचे, होऽ-हो-हुप. आणि आपण दोघं दारात कान लावून उभे. हाळी आली की भिंतीला चिकटायचं. हाळी नाही म्हणजे वाट मोकळी. वरच्यानं हाळी द्यायची, खालच्यानं वाट सोडायची. आई म्हणायची, एवढं एक कळलं तर या डोंगरात म्हातारं होता येतं. आपण झालोच की.

व्रोनीसाठी नाताळची भेट पाठवतेय, लाल रंगाचं हेल्मेट. इथल्या दुकानातला पोरगा म्हणाला, आता सगळी मुलं घालतात. तुझ्यासाठी लोकरीचे मोजे. तुझ्या डोक्यासाठी काही मिळत नाही, ते मुळातच लाकडाचं आहे.

आणि आमचं एक्सचेंज उत्तम चाललंय. माझी मैत्रीण लिंझहून बोलते ते शेजारी बसल्यासारखं ऐकू येतं. तुमच्याकडच्या तारांवर बर्फ साचला असेल.

सेन्झी


ओबरलेन, २८ डिसेंबर

सेन्झे,

मोजे आत्ता पायात आहेत. हेल्मेट व्रोनीच्या डोक्यात आहे आणि ती ते जेवतानाही काढत नाही. परवा सूप पिताना त्यात शेवया अडकल्या. तिची आई आली तेव्हा म्हणाली, आत्याआजींना सांगा, आता झोपायची टोपी पाठवू नका.

सही न करण्याबद्दल शाबास. माझी बहीण शोभतेस.

नाताळात खाली गर्दी अशी, की चर्चच्या भिंतीपाशी स्की रोवायला जागा नाही. यंदा सगळ्यांकडे नव्या तऱ्हेच्या स्की आल्या आहेत. आखूड, कमरेत बारीक, पुढंमागं रुंद, खेड्यातल्या मिरवणाऱ्या पोरींसारख्या. काल शिकलेला माणूसही त्यावर उभा राहिला की आज वाऱ्यासारखा सुटतो. वळायला शिकतो, थांबायला शिकत नाही. आमच्या वेळी आधी थांबायला शिकवायचे.

एक असाच नाताळच्या दुसऱ्या दिवशी, संत स्टेफानच्या सणाला, माझ्या स्कीच्या टोकांवरून गेला. मी नुकता कुरणात उतरलो होतो. टोकं थरथरली, मला काही झालं नाही. तो खाली थांबला आणि उलट मलाच सुनावायला लागला, की मी तुम्हाला ओरडून सांगितलं होतं. चोराच्या उलट्या बोंबा. मी दारात थांबलो होतो, नेहमीसारखा कान देऊन. कुणीही ओरडलं नव्हतं. तसं मी त्याला स्पष्ट सांगितलं, आणि आणखीही बरंच सांगितलं, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

व्रोनी मध्येच म्हणाली, आजोबा, तो ओरडला होता. पोरांना भांडण मिटवायची घाई असते.

तांबडी गाय फेब्रुवारीत विणार. तुझा गुडघा?

कोर्बी


ग्राझ, ६ जानेवारी १९९८

दादा,

गुडघा राहू दे बाजूला.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ‘व्रोनी म्हणाली, तो ओरडला होता.’ तू ही ओळ मोज्यांच्या आणि गाईच्या मध्ये घालून दिलीस, जशी लहानपणी फुटलेली बशी चांगल्या बश्यांच्या मध्ये ठेवायचास. तेव्हाही आई पहिली तीच काढायची.

आता ऐक. म्हणजे वाच. नवीन वर्षाच्या सकाळी मी फोन केला होता. व्रोनीनं उचलला आणि तुझ्या कानाला लावला. मी विचारलं, तब्येत कशी आहे. तू म्हणालास, फेब्रुवारीत विणार. मी विचारलं, दम लागतो का. तू म्हणालास, हो हो, तांबडीच. मी हसून हसून खुर्चीवर बसले, आणि फोन ठेवल्यावर माझं हसू जे गेलं ते अजून आलेलं नाही.

एक्सचेंज बिघडलेलं नाही, दादा. कुठला कान गेलाय? डावा ना? वशिंड दारातून निघताना डावीकडे येतं.

मी तुला बोल लावत नाही. सत्त्याहत्तराव्या वर्षी कान गेला तर त्यात चोरी कसली. एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून द्यायलाही माणसाला दोन कान लागतात. पण तू अजून दारात उभा राहून हाळीची वाट बघतोस. गवताच्या गाड्या बंद होऊन तीस वर्षं झाली. वरून येणाऱ्या त्या माणसांना हाळी म्हणजे काय ते ठाऊक नाही, आणि एखाद्यानं दिलीच तर ती तुला ऐकू येत नाही. आणि तुझ्यामागं, तुझ्यासारखीच मान वाकडी करून, नऊ वर्षांचं पोर उभं असतं. तुला त्याचं हसू आलं होतं. मला घाम फुटला.

खालच्या तालुक्याला कानाचे डॉक्टर आहेत. जाऊन ये. हानेसला सांग, गाडी काढेल. तोवर मला कागदाचा पुन्हा विचार करावा लागेल.

तुझी,
सेन्झी


ओबरलेन, १३ जानेवारी

सेन्झे,

कान माझा आहे. कुरण अर्धं माझं आहे. व्रोनी दोन वर्षांची असल्यापासून मी तिला या उतारावर सांभाळलंय.

ग्राझमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहून वशिंड दिसत असेल तर तुझे डोळे चांगले आहेत, अभिनंदन.

हानेसला काही कळवायचं नाही. सही करायची नाही.

को.


ओबरलेन, ३ फेब्रुवारी

प्रिय सेन्झीआजी,

आजोबांनी तुला लिहू नको म्हटलंय, पण त्यांनी रागावून नाही म्हटलं, हळू म्हटलं, म्हणून मी लिहितेय. तिकीट बाबांनी दिलं.

परवा रविवारी आम्ही चर्चला निघालो होतो. मेणबत्त्या आशीर्वादाला न्यायच्या होत्या, त्या माझ्या पाठीवरच्या पिशवीत होत्या. आजोबा गोठ्याच्या कोपऱ्यापाशी थांबले, कान दिला आणि म्हणाले, कुणी नाही, चल. पण होतं कुणीतरी. मला ओरडणं ऐकू आलं. मी थांबले, आणि आजोबांना हाक मारली, पण ते गेले होते. आमच्या स्कीच्या बाईंनी शिकवलंय की उतारावर शिरण्याआधी वर बघायचं, मग खाली बघायचं, मग शिरायचं. मी आजोबांबरोबर असताना तसं करत नाही, कारण आजोबांना सगळं माहीत असतं.

तो माणूस वशिंडावरून आला आणि आजोबा मध्येच होते. तो वळला आणि आपल्या लाकडाच्या ढिगात गेला. सगळा ढीग पडला. त्याचा पाय वाकडा झाला होता, मी बघितला, मग नाही बघितला.

आजोबांनी आपला कोट काढून त्याच्या अंगावर घातला. वरच्या बाजूला स्वतःच्या स्की फुलीसारख्या रोवल्या, म्हणजे वरून येणाऱ्यांना कळावं. मला लिफ्टच्या माणसाला सांगायला पाठवलं. मी वर बघून मग गेले, खरंच. गेबहार्डकाका घसरगाडी घेऊन आले. त्या माणसाचं नाव लोथार आहे. त्याला घेऊन जाताना तो आजोबांना म्हणाला, मी तीनदा ओरडलो हो. आजोबांना ते ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी मला विचारलं, काय म्हणाला. मला सांगावं लागलं.

मेणबत्त्या मोडल्या.

आता आजोबा काही खात नाहीत. तांबडीला कालवड झाली तरी ते नुसतं बघून आले. त्यांनी उताराकडच्या खिडकीची झडप लावून ठेवलीय, त्यामुळे स्वयंपाकघरात दिवसा दिवा लागतो. त्यांनी आपल्या स्की विकायला सांगितल्यात, आणि माझ्या माळ्यावर ठेवल्यात. मी आता दुधाच्या गाडीतून शाळेत जाते. तिथं फार वास येतो आणि मला उशीर होतो. आजोबा म्हणतात, तो उतार आता आपला राहिला नाही.

तू येशील का? तुझा गुडघा दुखत असेल तर नको.

तुझी,
व्रोनी


ग्राझ, ५ फेब्रुवारी

दादा,

शनिवारच्या गाडीनं येतेय. स्टेशनवर हानेसला पाठव, तू येऊ नकोस, थंडीत उभा राहशील आणि मला गाडीतून उतरतानाच रडवशील.

पोरीवर चिडू नकोस. तिनं लिहिलं नसतं तर मी कधीच माफ केलं नसतं, तुला, तिला नव्हे.

एक गोष्ट समोरासमोर बोलायला जमणार नाही म्हणून लिहिते. हे एकट्याचं पाप नाही. डिसेंबरात तू सही करू नको म्हणालास आणि मी फुशारकीनं कागद सोलाण्याखाली घातला. जानेवारीत मला कळलं होतं, तरी मी नुसतं ‘विचार करावा लागेल’ असं लिहून तुझ्या रागाला घाबरले आणि गप्प बसले. शहाणपण होतं, हिंमत नव्हती.

गाडीत बसून मी एवढंच ठरवणार आहे, की तुला काय बोलायचं नाही. स्की विकायच्या नाहीत, हे तेवढं आत्ताच बोलते. आणि ती खिडकी उघड. मला दिवसा दिवा लावून कांदा चिरायला आवडत नाही.

सेन्झी


ओबरलेन, ८ मार्च

सेन्झे,

तू गेल्यावर घर मोठं झालंय. तीन आठवडे मी कुरकुरत होतो की ही बाई कधी जाते, आणि आता कुरकुरायला कुणी नाही.

कानामागचं ते यंत्र मी घालतो. पहिले काही दिवस नको झालं होतं. मला गाय रवंथ करताना ऐकू येते. घड्याळ ऐकू येतं. व्रोनी जेवताना पुटपुटत असते हे मला ठाऊकच नव्हतं, आणि निम्मं पुटपुटणं माझ्याबद्दल असतं. डॉक्टर म्हणाले, डाव्या कानानं दहाएक वर्षांपूर्वीच रजा मागितली असणार. मी म्हटलं, मागितली असेल, मला ऐकू आली नाही.

तू मला दवाखान्यात लोथारकडे नेलंस तेव्हा मी दारातच उभा राहिलो होतो. त्यानंतर मी दोनदा एकटा गेलो, ते तुला सांगितलं नाही. मांस आणि चीज घेऊन गेलो. तो पासाऊकडचा, छपरं दुरुस्त करणारा माणूस. यंदाच्या वसंतात त्याला छपरावर चढता येणार नाही, हे ऐकून मी खाली मान घालून बसलो. तर तोच मला समजवायला लागला. म्हणाला, वशिंडापलीकडचं दिसत नव्हतं, तर वेग कमी करायचं काम माझं होतं. वरच्यानं खालच्याला सांभाळायचं, हा उतारावरचा पहिला नियम, आणि मी ओरडून मोकळा झालो. मी म्हटलं, आणि शिरणाऱ्यानं वर बघायचं, तो नियम माझा होता. बाबांच्या काळी उलटं होतं, कारण गाडी थांबत नव्हती. माणूस थांबू शकतो हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

मग मी त्याला विचारलं, की तू लाकडांवर का गेलास, सरळ माझ्या अंगावर आला असतास तर पाय तरी वाचला असता. तो हसला.

“आजोबा, तुमच्यामागं लाल हेल्मेट दिसलं. लाकडांमागं कुणी नव्हतं.”

सेन्झे, मी बाहेर येऊन बाकावर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. यंत्र कानात असताना स्वतःचं रडणं फार मोठ्यानं ऐकू येतं.

घरी आलो आणि फाटकाच्या लाकडासाठी झाडं बघायला गेलो. गेबहार्डची लाल जाळी मी लावू दिली, पण फाटक मी स्वतः केलंय, लार्चच्या लाकडाचं. सरळ दार नाही. फळ्यांचे दोन आडवे कठडे एकापुढं एक असे बसवलेत की सरळ घुसताच येत नाही. आधी उजवीकडे वळायचं, मग डावीकडे, आणि डावीकडे वळलं की तोंड आपोआप वशिंडाकडे होतं. न बघता पुढं जायचं म्हटलं तर डोळे मिटावे लागतील. कठड्याची वरची फळी माझ्या छातीएवढी, खालची व्रोनीच्या. शिवाय वाट दहा पावलं खाली सरकवली, म्हणजे वरच्यालाही आपण दिसतो. गेबहार्डनं चारदा आतबाहेर केलं आणि म्हणाला, असं मला आणखी दोन घरांपाशी हवंय. मी म्हटलं, आधी माझं मांस फेड.

आता सही कर.

व्रोनी अजून दुधाच्या गाडीनंच जाते. फाटक तिला आवडलंय, रोज त्यातून आत-बाहेर करते, पायी. स्की कधी देणार असं विचारते. मी म्हणतो, बघू. उतार तयार आहे, फाटक तयार आहे, पोर तयार आहे. मलाच तिचं ते लाल हेल्मेट लाकडांच्या ढिगात दिसतं. रोज दिसतं. यंदाचा हंगाम जाऊ दे, पुढच्या वर्षी बघता येईल.

कोर्बी


ग्राझ, १५ मार्च

दादा,

सही केलेला कागद सोबत आहे. त्यावर बटाट्याचा डाग आहे, गेबहार्डला सांग, तो ओबरलेनचा शिक्का समज.

तुझं पत्र मी शेजारणीला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी रडलो. मांजरसुद्धा गप्प होतं. पण शेवटचा परिच्छेद मी तिला वाचला नाही. मला तुझी लाज वाटली असती.

अरे, फाटक बांधलंस ते कशाला? नुसती अडवायचीच होती तर भिंत घालायची. भीती वाटते ती बरोबर आहे, मलाही वाटते, कालपर्यंत मला पोरीच्या स्वप्नानं जाग येत होती. पण तुझ्या डोक्यातला तो ढीग तूच घरात घेऊन बसलायस, ती नाही. ती थांबली होती, दादा. तू गेलास आणि ती थांबली. तिनं ऐकलं, तिला कळलं, आणि तिनं तुझ्यावरच्या विश्वासापायी वर बघितलं नाही, एवढंच. आता तिला तो विश्वास स्वतःच्या डोळ्यांवर ठेवायला शिकव. ते दुधाच्या गाडीत बसून येत नाही.

तुला आठवतं का, तुझी गवताची गाडी उलटली होती त्या वर्षी आईनं काय केलं? तुला दुसऱ्याच दिवशी पुन्हा वर पाठवलं, आणि स्वतः दारात उभी राहिली. तू खाली येईपर्यंत तिनं दारची चौकट सोडली नाही. मी तिचा हात बघत होते, बोटं पांढरी पडली होती. मोठ्यांचं काम तेवढंच असतं. चौकट धरायची आणि पोराला जाऊ द्यायचं.

हंगाम ईस्टरला संपतो. तोवर तिला स्की दे.

सेन्झी


ओबरलेन, २९ मार्च

सेन्झे,

तुझं पत्र खिशात घालून मी आठवडाभर हिंडलो. बुधवारी माळ्यावर गेलो.

बुधवारी दुपारी त्यांचा स्कीचा वर्ग असतो. मी तिच्या स्कीला मेण लावलं, बांधण्या तपासल्या, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढा आवळला. मग आणखी काही तपासायला मिळतंय का ते शोधत बसलो. ती म्हणाली, आजोबा, वर्ग सुटेल. मी विचारलं, मी येऊ का फाटकापर्यंत. म्हणाली, नको, मी जाते, तुम्ही खिडकीतून बघा.

म्हणून मी खिडकीत उभा राहिलो. चौकट धरली होती, तू समज. ती फाटकात उजवीकडे वळली, मग डावीकडे. थांबली. वशिंडाकडे बघितलं, चांगलं निवांत बघितलं, जसं तू भाजीवाल्याचा तराजू बघतेस. वरून तिघं येत होते, त्यांना जाऊ दिलं. खाली बघितलं. आणि मग, सेन्झे, ती लगेच निघाली नाही. तिनं तोंड वर केलं आणि हाळी दिली. होऽ-हो-हुप.

मी तिला ती कधी शिकवली नव्हती. तुझंच काम हे, फेब्रुवारीतलं. बाबांची हाळी वरून यायची, हिची खालून गेली. नियम पाहिला तर हाळीची काही गरज नाही, पण मी तिला मोडता घालणार नाही. बघून झाल्यावर जगाला एकदा सांगून निघालं तर कुणाचं काय जातं.

मग ती गेली. सावकाश, मोठी मोठी वळणं घेत, वळणाच्या टोकाला वर नजर टाकत. कडेला थांबली, मध्ये नाही. लाल ठिपका खाली चर्चपर्यंत पोचला तेव्हा मी चौकट सोडली.

आज रविवार. आम्ही दोघं चर्चला गेलो, ती पुढं, मी मागं. माझ्याही डोक्यात आता हेल्मेट आहे, हानेसचं जुनं. लाकडावर लाकूड, म्हण खुशाल. चर्चच्या भिंतीपाशी लोथार कुबड्या घेऊन उभा होता, बायकोबरोबर गाडीनं आला होता. त्याला फाटक बघायचं होतं. मी त्याला वर घरी आणलं, सूपमध्ये पावाचे गोळे घातले, आणि तो कुबड्यांवर फाटकातून उजवीकडे वळला, डावीकडे वळला आणि वशिंडाकडे बघत किती तरी वेळ उभा राहिला. मग म्हणाला, पुढच्या हिवाळ्यात मी इथून हळू जाईन आणि तुम्हाला हात करीन. कालवडीचं नाव व्रोनीनं लोथा ठेवलंय. त्याला सांगितलं तेव्हा तो लाजला.

पण मी हे सगळं लिहायला बसलो ते एकाच गोष्टीसाठी. बुधवारी मी घरात होतो. खिडकी बंद होती, चुलीवर सूप रटरटत होतं. आणि बाहेरून, कुरणाच्या कडेवरून, ती हाळी आली, आणि मला ऐकू आली, सेन्झे. डाव्या कानानं. सगळीच्या सगळी, शेवटच्या हुपपर्यंत.

या पत्राला उत्तर लिहीत बसू नकोस. तुमच्या ग्राझचं एक्सचेंज दुरुस्त झालंय असं कळतं. फोन कर. मी उचलतो.

तुझा,
कोर्बी